निवडलें तें परत घेतां येतें काय?

निवडून दिलेल्या माणसानें आपल्या मुलांचें नुकसान चालविलें आहे असें आईबापांस वाटूं लागलें, तर पुढल्या निवडणुकीपर्यंत हात जोडून बसण्यावांचून त्यांना दुसरा मार्ग असतो काय? अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पालकांनीं १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं ह्या प्रश्नाचें उत्तर मतपेटींतून दिलें. तेथील शिक्षण मंडळ सात सभासदांचें. कोरोनाच्या साथींत, मार्च २०२० मध्यें, शाळा मिटल्या, आणि ह्या शहराच्या सरकारी शाळांचीं दारें बहुतेक मुलांस वर्षाहून अधिक काळ बंदच राहिलीं. नेमक्या त्याच काळांत, जानेवारी २०२१ मध्यें, मंडळानें वेळ काढला तो ४४ शाळांचीं नांवें बदलण्याचा ठराव करण्यास! वॉशिंग्टन आणि लिंकन हीं नांवेंहि त्या यादींत होतीं. ठरावामागें वर्णद्वेषाच्या इतिहासाची टोंचणी होती, आणि ती खोटी नव्हती. पण घरांत पडद्यासमोर कंटाळून बसलेल्या मुलाच्या आईला ती त्या घडीस कशी पटावी? पालकांनीं पन्नास हजारांहून अधिक सह्या जमविल्या, आणि गॅब्रिएला लोपेझ, ॲलिसन कॉलिन्स व फाऊगा मोलिगा ह्या तिघां सभासदांस दोनतृतीयांशांहून अधिक मतांनीं घरीं पाठविण्यांत आलें. उरलेले चौघे नुकतेच निवडून आलेले असल्यामुळें वांचले.

ह्या मतदानाची एक बाजू आपल्याकडील कुटुंबांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नागरिक नसलेल्या पालकांसहि शिक्षण मंडळापुरतें मत देतां यावें, असा निर्णय त्या शहराच्या मतदारांनीं २०१६ सालीं केला होता. म्हणजे नोकरीनिमित्त तेथें राहिलेला मराठी गृहस्थ, खिशांत भारताचा पासपोर्ट असतां, राष्ट्राध्यक्ष निवडूं शकत नव्हता. पण मुलाच्या शाळेचा कारभारी निवडूं शकत होता आणि काढूंहि शकत होता. स्वतःच्या गांवीं त्याला हा दुसरा हक्क कधींच लाभला नसता.

प्रतिनिधीस मुदतीपूर्वीं परत बोलावण्याची रीत तिकडे जुनी आहे. लॉस एंजेलिस शहरानें ती १९०३ सालीं आपल्या सनदेंत घातली, ऑरेगॉन राज्यानें १९०८ सालीं, आणि कॅलिफोर्नियानें १९११ सालीं, हायरम जॉन्सन हे गव्हर्नर असतां. रेल्वे कंपन्यांच्या मुठींत गेलेल्या कारभारावर जॉन्सन ह्यांचा मुख्य रोख होता.

आपल्याकडे साथीची आणि लोकप्रतिनिधींची गांठ पडली ती निराळ्याच प्रकारें. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनीं प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. घाटाखालच्या रेल्वेवर कल्याणास उतारूंची तपासणी सुरू झाली. पुण्यास लोकनियुक्त सभासद असलेली म्युनिसिपालिटी होती. तिला बाजूस सारून रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमण्यांत आली, आणि गोरे शिपाई घरें तपासूं लागले. लोकांनीं अर्ज केले, वर्तमानपत्रांनीं लिहिलें. परंतु ज्यांना त्यांनीं निवडलें होतें त्यांच्या हातीं अधिकार नव्हता, आणि ज्यांच्या हातीं अधिकार होता त्यांना त्यांनीं निवडलें नव्हतें. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालें तें सर्वश्रुत आहे. त्या गोळ्यांचें समर्थन करण्याचा येथें हेतु नाहीं; पण ज्या कारभाऱ्यास काढण्याची सनदशीर वाटच नसते, त्याच्याविषयींचा संताप कोठें साठत जातो हें त्यावरून कळतें.

शाळांचा कारभार लोकांकडे येण्यास १९२३ साल उजाडलें. रँग्लर परांजपे ह्यांच्या मंत्रिपदाच्या काळांत झालेल्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूलबोर्डांकडे सोंपविण्याची वाट मोकळी केली. मोठा उत्साहाचा काळ होता तो. पुढें मास्तरांच्या नेमणुकांत व बदल्यांत पक्षभेद शिरला अशी ओरड झाली; १९३८ च्या दुरुस्तीनें बोर्डांचे अधिकार आंवळले गेले, १९४७ च्या कायद्यानें तेंच धोरण पुढें चालविलें, आणि १९६२ सालीं जिल्हा परिषदा येऊन गांवोगांवच्या शाळा त्यांच्या शिक्षण समितींकडे गेल्या. बोर्ड बिघडलें म्हणतांच त्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे ओढून घेतला. मत देणाऱ्या बापास तें परत मागण्याची सोय मात्र कोणींहि करून ठेविली नाहीं.

त्यामुळें २०२० सालीं साथ आली तेव्हां महाराष्ट्रांतील पालकांनीं दुसरीं दारें ठोठावलीं. शहरांतील पालक फीच्या प्रश्नावर न्यायालयांत गेले. राजस्थानच्या खटल्यांतील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामागून सरकारनें १२ ऑगस्ट २०२१ रोजीं खाजगी शाळांची त्या वर्षाची फी पंधरा टक्क्यांनीं कमी करण्याचा आदेश काढला. शाळा केव्हां उघडाव्या हा प्रश्न मात्र मंत्रालय आणि डॉक्टरांची कृतिसमिति ह्यांच्यामध्यें फिरत राहिला. १७ ऑगस्टला उघडण्याचें ठरलें, तें स्थगित झालें. ४ ऑक्टोबरला वरचे वर्ग उघडले. खेड्यांतील पहिली ते चवथीच्या मुलांस १ डिसेंबर २०२१ ची वाट पाहावी लागली. पुढें जानेवारींत शाळा पुन्हां मिटल्या त्या वेगळ्याच.

मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे वीस महिने! कर्जत-खालापूरच्या डोंगरांतील ठाकूर-कातकरी वाड्यांवर ह्या वीस महिन्यांचा अर्थ शहराहून निराळा होता. जेथें फोनला रेघ दिसावी म्हणून टेकडीवर चढावें लागतें, तेथें घरबसल्या शिक्षण ही एक थट्टाच. आश्रमशाळा मिटली म्हणजे पाटीबरोबर ताटहि मिटलें. आणि मुहूर्त तरी कसा पाहा: कातकऱ्यांचें बिऱ्हाड दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघतें तें पावसाच्या तोंडावर परततें, शाळेचें दार उघडलें तें नेमकें डिसेंबरांत.

ह्या बापानें परत बोलवावें तरी कोणास? २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश पालक घेतले आहेत, त्यांत निम्म्या स्त्रिया. पण शाळा उघडण्याचा निर्णय तिच्या हातचा नव्हता. जुलै २०२१ मध्यें कोरोनामुक्त गांवांत आठवीपासूनचे वर्ग ग्रामपंचायतीच्या ठरावानें उघडण्याची मुभा मिळाली. तेवढ्यापुरता अधिकार गांवाजवळ आला खरा, पण लहान मुलांपुरता नव्हे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सभासदांनीं तीनचतुर्थांश बहुमतानें अविश्वास आणला तर त्यावर ग्रामसभेंत गुप्त मतदान व्हावें, अशी तरतूद २०१७ पासून झाली. परत बोलावण्याच्या जवळपास जाणारी आपल्याकडची वाट ती हीच. पण तिची सुरुवात सभासदांनीं करावयाची, गांवकऱ्यांनीं नव्हे. आणि २०२० सालीं तर साथीमुळें ग्रामसभाच तहकूब होत्या.

सॅन फ्रान्सिस्कोची रीत जशीच्या तशी उचलावी असें मला वाटत नाहीं. सह्या गोळा करण्यास सवड लागते, पैसा लागतो, आणि ज्यांच्यापाशीं ही दोन्हीं असतात त्यांचींच गाऱ्हाणीं आधीं ऐकूं येतात. वाडीवर सह्या घेण्यास कोणी आला, तरी डिसेंबरच्या दुपारीं त्याला भेटणार कोण? बंद झोपड्या आणि एखादी म्हातारी. बाकी सारीं भट्टीवर, आणि मुलेंहि त्यांच्याबरोबरच.