शाळा उघडायला उरले थोडे दिवस. दप्तर घेण्याआधी पालकांनी उरकायची कामं

जून लागला की तालुक्याच्या आठवडी बाजारात दप्तरं, वह्या आणि रेनकोट टांगलेले दिसू लागतात. राज्यातल्या शाळा साधारण 15 जूनला भरतात. विदर्भात ऊन लांबत असल्याने तिथे शाळा जूनच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. नेमकी तारीख शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा मुख्याध्यापकांकडून कळते. खरेदी एका बाजारात होऊन जाते. दाखला, आधार, एसटीचा पास आणि सुट्टीत विसरलेलं वाचन ही कामं मात्र एका दिवसात होत नाहीत. पोरगं जुलैपर्यंत घरी राहतं ते बहुतेक वेळा यातल्याच कशासाठी तरी.

दाखला अडला म्हणून प्रवेश अडत नाही

अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच आहे. पुढच्या वर्गासाठी शेजारच्या गावात जावं लागतं आणि तिथे पहिला प्रश्न दाखल्याचा येतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 5 नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. तो यायला उशीर झाला, म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. जन्माचा दाखला नसला तरीही प्रवेश थांबवता येत नाही, हे कलम 14 मध्ये आहे. हे तोंडी सांगून कुणी ऐकत नसेल तर साध्या कागदावर अर्ज लिहून द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. त्यानंतर केंद्रप्रमुख किंवा पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जावं. पोच हातात असली की काम बरंच सोपं होतं.

पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण होणारं मूल पात्र धरलं जातं. प्रवेशाच्या वेळी मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणेच लिहिली गेली का, हे पालकांनी स्वतः बघावं. मास्तर घाईत असतात आणि घरात हाक मारायचं नाव सांगितलं जातं. ही चूक दहावीचा फॉर्म भरताना उघडी पडते आणि तेव्हा शिक्षणाधिकारी कार्यालयापर्यंत खेटे घालावे लागतात.

आधार नाही म्हणून शाळेला मुलाला परत पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात ते स्पष्ट केलं आहे. तरीही शाळेच्या ऑनलाईन नोंदीसाठी ते मागितलं जातं, त्यामुळे काढून ठेवलेलं बरं. लहानपणी काढलेल्या आधारला बोटांचे ठसे नसतात. ते वयाच्या 5 व्या आणि पुन्हा 15 व्या वर्षी द्यावे लागतात. 5 ते 7 आणि 15 ते 17 या वयात पहिल्यांदा अपडेट केलं तर त्याचे पैसे लागत नाहीत.

कारखान्यावरून परतलेली मुलं

ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये गावी येतात. बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांत अशी मुलं प्रत्येक वर्गात सापडतील. त्यांचं अर्धं वर्ष फडावर जातं. नाव पटावर असतं, पण बरोबरीची पोरं पुढे गेलेली असतात आणि मग शाळेत जायचीच लाज वाटू लागते. अशा मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यावं, असं कायद्याचं कलम 4 सांगतं. पालकांनी शाळा उघडण्याआधीच वर्गशिक्षकांना भेटून “पोरगं इतके महिने बाहेर होतं” हे स्पष्ट सांगावं. फडाजवळच्या शाळेत ते बसलं असेल तर तिथला कागद किंवा शिक्षण हमी कार्ड सोबत न्यावं. दिवाळीत पुन्हा जायचं ठरलं असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशीही आत्ताच करावी.

वाचन विसरलंय का, ते घरीच कळतं

दीड महिना पुस्तक बंद राहिलं की वाचन अडखळतं, हातच्याची वजाबाकी तर हमखास जाते. हे तपासायला शिकवणी नको. दुसरीच्या जुन्या पुस्तकातला एक उतारा मोठ्यानं वाचायला द्यावा. तिसरीच्या वरचं मूल अक्षर-अक्षर जुळवत असेल तर रोज 20 मिनिटं पुरतात, पण रोज हवीत. आई-वडिलांना वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. कुठे अडतं, कुठे अंदाजानं ठोकून देतं, ते कानाला कळतं.

घरात वाचायला भरपूर असतं. बियाण्याच्या पिशवीवरची छपाई, किराणाची चिठ्ठी, एसटीची पाटी, मोबाईलवर आलेला बँकेचा मेसेज मुलाकडून वाचून घ्यावा. दूध डेअरीच्या स्लिपवरून आठवड्याच्या लिटरचा हिशोब करायला लावावा. पाचशेची नोट देऊन दुकानात पाठवावं आणि उरलेले पैसे आधी त्यालाच मोजायला सांगावेत. चुकलं तर ओरडू नये. एकदा ओरडा बसला की दुसऱ्या दिवशी ते पिशवीला हातही लावत नाही. जूनमध्ये शाळेत होणाऱ्या शाळापूर्व तयारी मेळाव्याला पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांनी जरूर जावं.

पाचवी आणि आठवीच्या पालकांसाठी वेगळी गोष्ट. 2023-24 पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा लागू झाली आहे. त्यात मूल नापास झालं तर फेरपरीक्षा होते आणि तिच्यातही पास झालं नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. निकालपत्रक नीट वाचावं, फेरपरीक्षेची तारीख विचारावी. सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या मुलाची ही परीक्षा बुडते.

पास, पुस्तकं, गणवेश

जिल्हा परिषद शाळेत पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, दोन गणवेशही. त्यामुळे शाळेत विचारल्याशिवाय यावर पैसे घालू नयेत. एसटीने जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. मुलांना तिकिटात 66.66 टक्के सवलत मिळते, म्हणजे तिसरा हिस्साच भरावा लागतो. पाससाठी शाळेचं बोनाफाईड आणि फोटो तयार ठेवावा. दप्तर घेताना ब्रँड बघण्यापेक्षा वजन बघावं. 2015 च्या शासन निर्णयाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नको. 25 किलोच्या मुलाला अडीच किलो, डबा-पाणी धरून.

झोप आणि पेरणी

उन्हाळ्यात पोरं अंगणात, गच्चीवर मोबाईल बघत बारापर्यंत जागतात. शाळेच्या आदल्या रात्री “आज लवकर झोप” म्हणून ती झोपत नाहीत. दहा दिवस आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटांनी वेळ मागे आणावी. घरातल्या मोठ्यांचा मोबाईल चालूच असेल तर हे जमत नाही, तो भाग वेगळा.

खरी अडचण पेरणीची. शाळा आणि पेरणी एकाच पंधरवड्यात येतात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला थांबते, मुलगा गुरांमागे जातो. “आठवडाभरच” म्हणून सुरू झालेली दांडी नागपंचमीपर्यंत चालते. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा 14 वर्षांखालच्या मुलांना घरच्या कामात मदत करू देतो, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. धाकट्याला अंगणवाडीत घातलं तर थोरलीची शाळा वाचते. दोन-तीन घरांनी मिळून एका आजीकडे लहान मुलं ठेवली तरी पेरणी निभते.

लसीचं कार्डही याच दिवसांत काढून बघावं. 5-6 वर्षांना डीपीटी बूस्टर, 10 आणि 16 वर्षांना टीडी असते. दोन्ही उपकेंद्रात मोफत. फळा दिसत नाही, डोकं दुखतं असं मूल सांगत असेल तर ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घ्यावेत.

शाळेच्या वाटेवर ओढा असेल तर शाळा उघडण्याआधी एकदा मुलाला घेऊन ती वाट चालून यावं. पाणी कुठपर्यंत आलं की थांबायचं, ते एखाद्या दगडाची किंवा झाडाची खूण करून दाखवावं. पाणी त्या खुणेला लागलं तर ज्या गावात असेल तिथेच थांबायचं आणि कुणाच्या घरी बसायचं, तेही ठरवून ठेवावं. त्या घरचा आणि वर्गशिक्षकांचा मोबाईल नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा.