‘वहिवाट’ : एका शब्दाचा इतिहास

आज ‘वहिवाट’ हा शब्द कानी पडताच जमिनीचा कब्जा किंवा शेताकडे जाणारा रस्ता आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु ‘वहणे’ आणि ‘वाट’ ही दोन पदे त्यात सहज ओळखू येतात. अंगावर घेतलेला अधिकाराचा भार वाहून काम चालविणे, हाही त्याचा एक जुना अर्थ होय. पाटीलकीची वहिवाट करणे म्हणजे पाटलाचे काम प्रत्यक्ष पाहणे. देवस्थानचा कारभार पाहणारा तो वहिवाटदार. बडोदे संस्थानात तर तालुक्याच्या मुख्य अंमलदारासच वहिवाटदार म्हणत.

वतन सर्व भाऊबंदांचे, पण वहिवाट एकाची, असे पुष्कळदा घडे. घराणे वाढले की तक्षिमा पडत. तथापि सारावसुली व गावचा बंदोबस्त कोणा एकासच करावा लागे. म्हणूनच मुंबई इलाख्याच्या १८७४ च्या वतन कायद्याने वतनी उत्पन्नाचा काही भाग प्रत्यक्ष काम करणाराच्या मोबदल्यासाठी राखून ठेवण्याची तरतूद केली. पण सर्वांच्याच पदरी न्याय पडला असे नाही. महार वतनदारांच्या वाट्यास भार फार आणि मोबदला तुटपुंजा आला, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याच कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली आणि १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटीलकीही गेली. सेवा सरली, जमिनी राहिल्या, आणि ‘वहिवाटी’चा अर्थ कर्तव्यावरून कब्जावर येऊन ठेपला.

ज्ञातिबांधवहो, आपल्या वाघोलीत वाघेश्वराच्या मंदिराजवळ पिलाजी जाधवराव यांची समाधी आहे. शाहू छत्रपतींच्या या सरदाराचे नाव आपण अभिमानाने घेतो. ते त्यांनी बजावलेल्या चाकरीमुळे राहिले, हे मात्र विसरतो. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत गेली, ग्रामपंचायतही इतिहासजमा झाली. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि वहिवाटीचे दावे घरोघर शिरले. माझ्याच भावकीत बांधावरच्या वाटेपायी दोन सख्ख्या भावांचे बोलणे तुटले. दोघेही माझे विद्यार्थी. शब्दाचे शुद्धलेखन मी त्यांना शिकविले. अर्थ शिकवावयाचा राहून गेला, ही खंत आहे.

हक्क वारशाने मिळतो, वहिवाट रोज करावी लागते. वृद्ध मातापित्यांची, शाळेची, मंदिराची आणि या मंडळाच्या कार्याची वहिवाट तरुणांनी आपल्याकडे घ्यावी. त्या वहिवाटीवर कोणी दावा लावणार नाही.