स्वमग्न मुलांचा दाखला

दिल्लीतील एखाद्या गल्लीत असो वा सांगलीच्या एखाद्या वाड्यात, दिवेलागणीला आई मुलाला कडेवर घेऊन चांदोबा दाखवते. वर्षाचे मूल तिच्या बोटाच्या रोखाने वर पाहते, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहते, आणि काही दिवसांनी स्वतःच बोट उचलून तिला चंद्र दाखवू लागते. हा व्यवहार इतका नित्याचा आहे की तो घडतो तेव्हा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो घडत नाही, तेव्हा मात्र ध्यानात यावयास हवा. दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवीत नाही. नावाने हाक मारली तर वळत नाही, पण पलीकडच्या खोलीत कागद चुरगळल्याचा आवाज त्याला बरोबर ऐकू येतो. हवी ती वस्तू काढण्यासाठी आईचे मनगट धरून तिचा हात सांडशीसारखा वापरते. आलेले चार शब्द दुसऱ्या वर्षी नाहीसे होतात. खेळण्यातली मोटार ते चालवीत नाही, तिचे एक चाक फिरवीत बसते. कुकरची शिट्टी झाली की कान झाकते. नेहमीचा रस्ता बदलला की आकांत करते. यांतील एखादी गोष्ट कोणत्याही मुलात आढळेल. पुष्कळशा एकत्र आढळल्या, तर तपासणीस विलंब लावू नये. या अवस्थेला वैद्यक 'ऑटिझम' म्हणते. मराठीत तिला स्वमग्नता हे नाव रूढ झाले आहे.

बाल्टिमोरचे बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांवरून तिचे वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन दशके पाश्चात्त्य विद्वानांनी आईच्या थंड वागणुकीवर खापर फोडले. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी 1964 साली हे मत सप्रमाण खोडून काढले. आपल्याकडे आईला बोल लावण्यास विद्वानांची गरज कधीच पडली नाही. शिवाय 'मुलगे उशिराच बोलतात' या आजीच्या दिलाशात मोलाची वर्षे निघून जात.

दिल्लीत या प्रश्नाला वाचा फोडली ती एका आईनेच. मेरी बरुआ यांनी 1991 साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभी केली. 1994 साली तिची 'ओपन डोअर' ही शाळा सुरू झाली. संस्थेचे राष्ट्रीय केंद्र आज जसोला येथे आहे. परंतु शाळा निघाली तरी सरकारी कागदावर हे मूल नव्हतेच. 1995 च्या अपंगविषयक कायद्याने सात प्रकार मानले. अंधत्व होते, बहिरेपण होते, मतिमंदत्वही होते, स्वमग्नता नव्हती. ज्या अवस्थेला कायद्यात नाव नाही, तिचा दाखला कोण देणार? तेव्हा पालकांनी मतिमंदत्वाचा दाखला पत्करावा, आणि मुलाची बुद्धी चांगली असेल तर तोही हाती येऊ नये, अशी ही गत होती.

1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने हे नाव प्रथम कायद्यात आणले. त्याच्या हिंदी प्रतीत शब्द आहे 'स्वपरायणता'. मराठी कानाला तो आप्पलपोटेपणाचा वाटतो. आपला 'स्वमग्न' पुष्कळ बरा, पण तोही समाधी लावून बसलेल्या योग्याचे चित्र उभे करतो, आणि कुकरच्या शिट्टीने कळवळणारे पोर काही योगी नव्हे. असो. न्यास झाला, तरी सवलती 1995 च्या यादीवरच अडलेल्या राहिल्या. 2016 च्या एप्रिलमध्ये दाखल्याची रीत ठरली. तिचा आधार होती 40 बाबींची भारतीय मोजपट्टी. त्याच वर्षअखेरीस झालेल्या कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले व त्यांत स्वमग्नतेला जागा दिली. तो 19 एप्रिल 2017 रोजी अमलात आला. सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांतही तिचा समावेश झाला.

अशी मुले आहेत तरी किती? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा येथील 2 ते 9 वर्षांची सुमारे 4000 मुले तपासली होती. पलवल म्हणजे 1919 साली गांधीजींना जेथे अटक झाली ते दिल्लीजवळचे गाव. शंभरांत सुमारे एक मूल स्वमग्न आढळले. शहरी सुखवस्तू घरांतला हा आजार, ही समजूत त्यानंतर टिकण्याजोगी राहिली नाही.

1994 साली शाळेत जाऊ लागलेली मुले आज प्रौढ आहेत आणि त्यांचे आईबाप वृद्ध. अठराव्या वर्षी मूल कायद्याने सज्ञान होते. मग बँकेतल्या पैशासाठी त्याच्या वतीने सही करण्याचा आईबापांचा अधिकार संपतो. ज्याला आपले व्यवहार पाहणे जमत नाही, त्याच्यासाठी न्यासाच्या कायद्यात स्थानिक समितीची तरतूद आहे. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा एक अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. आईबापांनी अर्ज करावयाचा, समितीने पालक नेमावयाचा, आणि त्या पालकाने सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या स्थावर मालमत्तेची यादी सादर करावयाची.