पाना, पुस्तक आणि कोड : जुन्या आलिशान मोटारीच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास

१. प्रस्तावना

यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात मोटारीची रचना शिकवली जाते आणि दुरुस्तीचीही थोडीफार ओळख करून दिली जाते. ती दुरुस्ती करण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो काळानुसार कसा बदलत गेला, हा इतिहास मात्र सहसा वर्गात येत नाही. या पाठात आपण तो इतिहास एका विशिष्ट वस्तूच्या आधारे पाहणार आहोत. ही वस्तू म्हणजे जुनी झालेली आलिशान मोटार. तिची देखभाल स्वतःच्या हातांनी करणारा मालक हा या इतिहासाचा नायक आहे.

हीच वस्तू निवडण्याची कारणे दोन. पहिले कारण आर्थिक आहे. समजा, एखादी गाडी नवी असताना ६० लाख रुपयांची होती आणि पंधरा वर्षांनी तिची बाजारातील किंमत ६ लाखांवर आली. गाडीची किंमत दहा टक्के उरली, पण तिच्या सुट्या भागांची किंमत आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील मजुरी त्या प्रमाणात उतरत नाही. दोन-तीन मोठी कामे एकदम निघाली, तर बिल गाडीच्या किमतीच्या जवळ जाते. अशा वेळी गाडी भंगारात जाते किंवा कोणीतरी बाह्या सरसावून बोनेट उघडतो.

दुसरे कारण तांत्रिक आहे. मोटारीतील बरेचसे नवे तंत्र आधी आलिशान गाडीत येते आणि काही वर्षांनी साध्या गाडीत उतरते. त्यामुळे जुन्या आलिशान गाडीच्या मालकाला आज भेडसावणारी अडचण उद्या सर्वसामान्य गाडीच्या मालकापुढे उभी राहते.

या मालकाला तीन साधने लागतात : पाना, पुस्तक आणि कोड. पाना बाजारात विकत मिळतो. पुस्तकातील माहिती आणि संगणकातील कोड मात्र उत्पादकाच्या ताब्यात असतात. म्हणून घरगुती दुरुस्तीचा इतिहास हा हातांच्या कौशल्याइतकाच माहितीच्या मालकीचा इतिहास आहे, हे या पाठाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. पान्याचा काळ

आलिशान मोटारीच्या सर्वांत प्रसिद्ध नावाची सुरुवातच एका मालकाने आपली जुनी गाडी खोलण्यातून झाली. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे विजेच्या क्रेन बनवणारे हेन्री रॉइस यांनी डेकोव्हिल या फ्रेंच बनावटीची वापरलेली मोटार घेतली होती. तिच्या कामगिरीवर ते समाधानी नव्हते. त्यांनी गाडीचे भाग सुटे केले, दोष तपासले, सुधारणा केल्या आणि त्या अभ्यासातून स्वतःची मोटार बनवली. ती १ एप्रिल १९०४ रोजी प्रथम रस्त्यावर धावली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांची चार्ल्स रोल्स यांच्याशी भेट झाली आणि पुढे रोल्स-रॉइस हे नाव जन्माला आले. १९०७ साली या कंपनीच्या 'सिल्व्हर घोस्ट' गाडीने सक्तीने थांबावे न लागता १४,३७१ मैलांची चाचणी पूर्ण केली. त्यानंतर गाडी पूर्ण खोलून प्रत्येक भागाची झीज तपासण्यात आली. झीज मोजता येणे आणि भाग बदलता येणे ही त्या काळी दर्जाची खूण मानली जात होती.

या काळात श्रीमंत मालक स्वतः हात काळे करत नसे. ते काम शोफरकडे असे. 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटती ठेवणारा असा आहे. वाफेच्या यंत्रावरून हा शब्द मोटारीवर आला. सुरुवातीचा शोफर गाडी चालवणाराही होता आणि मिस्त्रीही. वंगण घालणे, झडपा जुळवणे, टायर बदलणे ही त्याची रोजची कामे होती. भारतातील संस्थानिकांच्या मोटारखान्यांतही असे मिस्त्री नोकरीस असत. यंत्र उघडे होते, दोष डोळ्यांना दिसत आणि कानांना ऐकू येत. ज्ञान हातातून हातात जात असे.

३. पुस्तकाचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात मध्यमवर्गाकडे मोटारी आल्या आणि पगारी मिस्त्री मागे पडला. मालकालाच दुरुस्ती करायची, तर त्याला गुरू हवा. ती जागा छापील पुस्तकाने घेतली. ब्रिटिश हवाई दलातील अधिकारी जॉन हेन्स यांची १९६०च्या दशकात एडन येथे नेमणूक झाली होती. तेथे त्यांनी एका सहकाऱ्याच्या मोडकळीस आलेल्या ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडीची पुनर्बांधणी केली. कंपनीची अधिकृत पुस्तिका सामान्य मालकाला उपयोगी नाही, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी गाडी खोलताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढली. त्यावर आधारलेली त्यांची पहिली दुरुस्ती-पुस्तिका १९६६ मध्ये निघाली. गाडी प्रत्यक्ष खोलायची, पुन्हा जोडायची आणि मगच लिहायचे, ही या पुस्तिकांची पद्धत होती.

आलिशान गाडीच्या बाबतीत हे पुस्तक का निर्णायक ठरते, ते एका उदाहरणाने पाहू. १९६५ साली आलेल्या रोल्स-रॉइस 'सिल्व्हर शॅडो'मध्ये सित्रोएन कंपनीच्या परवान्याखालील उच्च दाबाची हायड्रॉलिक यंत्रणा होती. ब्रेक आणि गाडीची उंची समतल राखण्याचे काम ती करत असे. तिच्यात ब्रेक फ्लुइडच्या जातीचे खास द्रव वापरले जाई. १९८० मध्ये आलेल्या 'सिल्व्हर स्पिरिट'मध्ये मात्र खनिज तेल वापरण्यात आले. दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या, बोनेटखाली दिसायलाही सारख्या. पण एकीचे द्रव दुसरीत ओतले, तर रबरी सील खराब होतात आणि ब्रेकच धोक्यात येतात. येथे ताकद किंवा हातसफाई उपयोगाची नाही. त्या गाडीच्या पुस्तकातली एक ओळ माहीत असणे आवश्यक आहे.

४. भारतातील वेगळी वाट

भारतात या गोष्टीला निराळे वळण मिळाले. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली होती. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर मात्र केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे जागा उरली नाही. आयातीवर कडक निर्बंध आले. देशात आधीच असलेल्या परदेशी आलिशान गाड्या आहेत तशाच चालू ठेवायच्या, पण नवे भाग मिळणार नाहीत, अशी परिस्थिती निर्माण झाली.

त्यातून जुन्या भागांचे बाजार महत्त्वाचे ठरले : मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचे कश्मीरी गेट आणि मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट. भाग मिळाला नाही, तर लेथवर तो घडवून घ्यायचा, दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसवायचा, गॅस्केट कापून तयार करायचे. ज्याला आपण 'जुगाड' म्हणतो, त्याच्या मुळाशी मापन, धातूंची पारख आणि उलट्या दिशेने रचना समजून घेण्याची पद्धत होती. रॉइस यांनी डेकोव्हिलबाबत जे केले, तेच येथील अनाम कारागीर करत होते.

१९९३ मध्ये मोटार उत्पादनावरील परवाना पद्धत उठली. १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझच्या ई-क्लास गाड्यांची जुळणी सुरू झाली. त्या पिढीचे कारखान्यातील नाव डब्ल्यू १२४. आज या गाड्या तिशीच्या घरात आहेत. त्यांच्याबरोबर भारतीय मालकासमोर तिसरे साधनही आले, ते म्हणजे कोड.

५. कोडचा काळ

१९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी यंत्रणा फोक्सवॅगनच्या गाडीत आली आणि इंजिनाचा ताबा हळूहळू संगणकाकडे जाऊ लागला. बॉशनेच १९८६ मध्ये 'कॅन' ही जोडणी मांडली. तिच्यामुळे गाडीतील अनेक संगणक दोनच तारांवरून एकमेकांशी बोलू शकतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. नवे तंत्र आधी आलिशान गाडीत येते, याचे हे ठळक उदाहरण.

या संक्रमणकाळातील एक दोष अभ्यासण्यासारखा आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक मर्सिडीज इंजिनांच्या वायरिंगवरील आवरण इंजिनाच्या उष्णतेने कालांतराने ठिसूळ होऊन गळून पडते. उघड्या तारा एकमेकींना चिकटतात, संगणकाला चुकीचे संदेश जातात आणि इंजिन अडखळते. केवळ लक्षण पाहून एकामागून एक सेन्सर बदलणाऱ्याचा खर्च वाढतो, दोष मात्र जागेवरच राहतो. वायरिंगची वेटोळी उघडून आवरण वाकवून पाहणाऱ्याला कारण काही मिनिटांत सापडते. याच काळातील मर्सिडीज गाड्यांचे दोष वाचण्यासाठी हौशी मालकांनी एक एलईडी, एक दाबायचे बटण आणि काही तारा वापरून घरीच उपकरण बनवले. दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे आणि तक्त्यात पाहायचे. कोडचा दरवाजा अजून किलकिला होता.

पुढे कायद्याने त्याला एक समान खिडकी दिली. प्रदूषण नियंत्रणासाठी अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ओबीडी-२ ही प्रणाली सक्तीची झाली. त्यात १६ पिनांचा एकसारखा सॉकेट आणि समान कोड ठरवण्यात आले. उदाहरणार्थ, पी०३०० म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांत अनियमितपणे ज्वलन चुकते आहे. भारतात ही प्रणाली बीएस-४ मानकांबरोबर २०१० ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने आली. आज स्वस्त स्कॅनर फोनला जोडून हे कोड वाचता येतात.

येथे दोन मर्यादा नीट समजून घ्या. पहिली, कोड लक्षण सांगतो, कारण नाही. पी०३०० मागे स्पार्क प्लग, कॉइल, हवेची गळती किंवा वर सांगितलेले वायरिंगही असू शकते. दुसरी मर्यादा ऐतिहासिक आहे. कायद्याने सक्ती केली ती धुराशी संबंधित माहितीपुरती. एअर सस्पेन्शन, एअरबॅग, आसनांच्या मोटारी, दारांची कुलपे यांची सखोल माहिती कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येच राहिली. म्हणजे ज्या गोष्टींमुळे गाडी आलिशान ठरते, नेमक्या त्याच बंद राहिल्या. काही बीएमडब्ल्यू गाड्यांत तर तेलाची पातळी पाहण्याची डिपस्टिक गेली, आणि नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. पाना तोच आहे, पण काम पूर्ण झाले हे ठरवणारा आता संगणक आहे.

६. कायद्याची बाजू

हा प्रश्न मग न्यायालये आणि मतपेट्यांपर्यंत गेला. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने, ठरावीक कंपनीचेच भाग वापरले तरच वॉरंटी मिळेल, अशी अट घालण्यावर मर्यादा आणली. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात मोटार-दुरुस्तीच्या अधिकारावर मतदान झाले आणि सुमारे ८६ टक्के मतदारांनी बाजूने कौल दिला. त्यानंतर २०१४ मध्ये उत्पादकांनी स्वतंत्र गॅरेजांना देशभर माहिती व साधने उपलब्ध करून देण्याचा करार केला. गाडी बिनतारी पद्धतीने थेट कंपनीला जी माहिती पाठवते, तिच्यावर २०२० मध्ये त्याच राज्यात पुन्हा मतदान घ्यावे लागले.

भारतात ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात न देता त्यांनी स्पर्धेला अडथळा आणला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. या आदेशाला कंपन्यांनी पुढे आव्हान दिले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी पोर्टल सुरू केले. त्यातील चार क्षेत्रांपैकी एक मोटारींचे आहे.

७. घरगुती दुरुस्तीच्या सीमा

अधिकार मिळाला म्हणून प्रत्येक काम घरी करावे असे नाही. इंजिन ऑइल आणि फिल्टर, हवेचा फिल्टर, स्पार्क प्लग, थंड इंजिनात कूलंट, वायपर, दिवे, कोड वाचणे ही कामे अभ्यास करून घरी होऊ शकतात. एअरबॅग, दाबलेल्या स्प्रिंग, दाबाखालील इंधन आणि हायड्रॉलिक नळ्या, हायब्रिड गाडीतील नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबल या गोष्टींना प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत. वापरलेले ऑइल गटारात ओतू नये. बंद माहितीच्या बाजूने कंपन्या सुरक्षिततेचा मुद्दा मांडतात तो खोटा नाही. तथापि, धोका नेमका कोठे आहे हे कळण्यासाठीही माहितीच लागते. 'सिल्व्हर शॅडो'च्या मालकाला योग्य द्रव कोणते ते न सांगणे, हा सुरक्षिततेचा मार्ग ठरू शकत नाही.

८. समारोप

शोफरच्या काळी ज्ञान माणसाबरोबर होते, हेन्सच्या काळी ते पुस्तकात आले आणि आता ते बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रत्येक टप्प्यावर ते मालकापासून एक पाऊल दूर गेले, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ते परत मिळवले : रॉइस यांनी गाडी खोलून, हेन्स यांनी छायाचित्रे काढून, मल्लिक बाजारातल्या कारागिराने लेथवर, आणि मतदारांनी मतपेटीतून. तुमच्यापैकी काही जण उद्या मोटारींची रचना कराल. एखादा स्क्रू कोठे ठेवायचा, एखादा कोड कोणाला वाचता यावा, हे तुम्ही ठरवाल. पंधरा वर्षांनी ती गाडी कमी किमतीत विकत घेणाऱ्या माणसाला ती खरोखर आपली म्हणता येईल की नाही, हे त्या निर्णयांवर अवलंबून असेल.

स्वाध्याय

१. 'पाना', 'पुस्तक' आणि 'कोड' या तीन टप्प्यांत दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या ताब्यात होते, ते सोदाहरण लिहा.
२. ओबीडी-२ मुळे कोणती माहिती खुली झाली आणि कोणती बंद राहिली? त्यामागचे कारण सांगा.
३. आयातबंदीच्या काळात भारतीय कारागिरांनी विकसित केलेल्या पद्धतींचे अभियांत्रिकी दृष्टीने मूल्यमापन करा.
४. आपल्या गावातील एखाद्या जुन्या गॅरेजला भेट द्या. सुटे भाग आणि दोषांची माहिती त्यांना कोठून मिळते, ते विचारून एक पानाचा अहवाल तयार करा.