केबलच्या जाहिराती आणि सासूबाईंची वही

इंदूरच्या कापड गिरण्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्या बंद पडल्यावर आपल्या लोकांची घरं कशी चालली, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. आमचं घर टीव्हीच्या जाहिरातींच्या दलालीवर चाललं, आणि ती दलाली मी घरात बसून केली.

दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ ला सुरू झाल्या. १९८७ मध्ये रामायण लागलं तेव्हा रविवारी सकाळी राजवाड्यापाशी शुकशुकाट असायचा. पण त्या मालिकेच्या आगेमागे दिसायच्या त्या साबण-मंजनवाल्या मोठ्या कंपन्या. सियागंजच्या किराणा व्यापाऱ्याची धाव टॉकीजमधल्या स्लाइडपर्यंतच.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि गल्लोगल्ली केबलवाले झाले. एका चॅनलवर ते स्वतःच कॅसेट लावून सिनेमा दाखवत. मध्ये गावातल्या दुकानांच्या जाहिराती, खाली सरकती पट्टी. त्याच सुमारास आमच्या ह्यांची मिल बंद पडली. कारकुनी गेली, देणी अडकली. घरात उरलं काय, तर टेलिफोन, टीव्ही आणि ह्यांचं सुरेख अक्षर.

सकाळी मी फोन करायची, दुपारी हे लूनावरून दुकानं फिरायचे. मजकूर लिहून घ्यायचा, कॅसेट करवून घ्यायची, केबलवाल्याकडे वेळ ठरवायची. दर दहा सेकंदांच्या हिशेबानं. दलाली शंभरामागे पंधरा, ही जाहिरात एजन्सींची जुनी रीत. ऐकायला बरं वाटतं, पण व्यापारी पैसे देणार महिन्यानं आणि केबलवाल्याला हवेत आगाऊ. मधली रक्कम दलालानं घालायची. माझ्या पाटल्या दोनदा सराफ्यात जाऊन आल्या.

खरी गोम पुढे होती. जाहिरात लागली, हे दाखवायचं कसं? गल्लीतला केबलवाला कसला दाखला देणार! मग सासूबाई वही घेऊन टीव्हीसमोर बसू लागल्या. तारीख, वेळ, कुठलं दुकान, पूर्ण लागली की मध्येच तोडली, वीज गेली तर तेही. सिनेमा त्यांनी कधी धड पाहिलाच नाही.

एका दिवाळीत एका केबलवाल्यानं तीस वेळांचे पैसे घेतले. दुकानदार माझ्यावरच उखडला, "भाभीजी, हमने तो एक बार भी नहीं देखा!" मी वही पुढे केली. तीसपैकी सतरा. केबलवाला हसला, म्हाताऱ्या बाईच्या वहीला कोण विचारतो म्हणाला. दुकानदारानं मात्र पानन्‌पान वाचलं आणि सतरांचे पैसे तिथंच मोजले. तेरांचं नुकसान आम्ही सोसलं. पण पुढच्या महिन्यात त्याच बाजारातून चार दुकानांचे फोन आले. त्या दिवसापासून आमचा धंदा सेकंदांचा राहिला नाही, वहीचा झाला.

आपल्या माणसांची कामंही होती. नारायण बागेतल्या एक बाई एकटीनं चकल्या-अनारसे करून विकायच्या. त्यांची पट्टी मी मराठीत लावून घेतली, दलाली न घेता. अनंत चतुर्दशीला मिलवाल्यांच्या झांक्या केबलवर दाखवत, तेव्हाची. लोक म्हणाले, "अरे, टीव्हीवर आपली भाषा!" बाईंना दिवाळीपर्यंत दम घ्यायला फुरसत नव्हती.

१९९५ चा केबल कायदा आला, केबलवाल्यांना पोस्टात नोंदणी करावी लागली, कारभार जरा सुधारला. मग ३१ मार्च २०१३ ही डिजिटलची मुदत आली, घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसले. छोटे केबलवाले मोठ्यांच्या हाताखाली गेले, त्यांनी जाहिरातींना पगारी पोरं ठेवली. आमचा फोन हळूहळू वाजेनासा झाला. तोवर दोन्ही मुलांची शिक्षणं झाली होती. पाटल्या आज सुनेच्या हातात आहेत.

सासूबाई गेल्या. वह्या मी रद्दीत घातलेल्या नाहीत. त्यांत इंदूरची कितीतरी दुकानं आहेत, जी आता बाजारात सापडणार नाहीत. वडोदरा, बेळगाव, हैदराबादकडेही असं घरबसल्या काम कुणी केलं असेल. केलं असेल तर लिहा हो, आणि जुने हिशेब असतील तर टाकू नका.