सूत्राला नाव मिळते तेव्हा

फळ्यावर मोठे कोष्टक मांडले आणि पहिल्याच ओळीतला आकडा चुकला, तर काय होते हे आपणा शिक्षकांना सांगायला नको. पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागते. १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी डॅन ब्रिकलिन यांनी हेच पाहिले. बॉब फ्रँकस्टन यांच्या साथीने त्यांनी ॲपल-२ संगणकासाठी 'व्हिजिकॅल्क' तयार केले. ते १९७९ मध्ये बाजारात आले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलू लागले.

बेरजेसारखी तयार फंक्शने त्यात होती. पण प्रत्येकाचे हिशेब वेगळे. समजा, लेखी परीक्षेला ८० टक्के आणि तोंडीला २० टक्के महत्त्व आहे. दोन्हींत शंभरपैकी अनुक्रमे ६० व ९० गुण मिळाले, तर निकाल ६६. पुढे प्रमाण ७०:३० ठरले, तर तोच निकाल ६९. सूत्र दहा पानांवर उतरवलेले असेल आणि एक पान दुरुस्त करायचे राहिले, तर? त्या पानावरचे आकडे खरेच वाटतील. नुकसान मुलांचे होईल.

यासाठी सूत्राला नाव देऊन ते एकाच जागी ठेवायला हवे. १९९३ मध्ये एक्सेल ५ बरोबर 'व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स' ही भाषा आली आणि हे काम तीन ओळींचे झाले. पहिल्या ओळीत फंक्शनचे नाव व कंसात लेखी आणि तोंडी गुण, दुसरीत सूत्र, तिसरीत समाप्ती. मग हे फंक्शन बेरजेइतक्याच सहजपणे कोणत्याही घरात वापरता येते.

यात एक मेख आहे. ८०:२० हे प्रमाण एखाद्या घरात लिहिले आणि फंक्शनने ते परस्पर तिथून उचलले, तर प्रमाण बदलूनही निकाल जुनेच राहू शकतात. कोणते उत्तर पुन्हा काढायचे, हे एक्सेल कंसातल्या घरांवरून ठरवतो. म्हणून प्रमाणही कंसातूनच द्यावे. गणितातले फलन आपण असेच शिकवतो: उत्तर केवळ दिलेल्या किमतींवर ठरते.

डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलसाठी 'लॅम्डा' जाहीर केले. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनावरून हे नाव आले. त्यामुळे वेगळी भाषा न शिकता, सूत्रांच्याच भाषेत नवे फंक्शन रचता येऊ लागले. चर्च यांच्या काळी तर असे संगणकही नव्हते!

फलन शिकवताना हा निकालाचा तक्ता मुलांकडूनच करून घेऊया. कंसात काय द्यायचे, हे मात्र त्यांनाच ठरवू द्यावे.