कालकाचार्यांची पाने : पैठण ते वॉशिंग्टन

अमेरिकेतील कलासंग्रहालयांत जैन कलेची प्रदर्शने भरतात, ही वार्ता आता नवी राहिलेली नाही. लॉस एंजेलिस येथे १९९४ साली प्रतापादित्य पाल यांनी सिद्ध केलेले प्रदर्शन पुढे लंडनपर्यंत गेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २००९-१० मध्ये केवळ जैन पोथीचित्रांचे दालन मांडले. त्याही आधी, १९२४ साली, आनंद कुमारस्वामी यांनी बोस्टनच्या संग्रहालयातील जैन चित्रांची व हस्तलिखितांची स्वतंत्र सूची प्रसिद्ध केली होती.

या संग्रहांत कल्पसूत्राच्या खालोखाल आढळणारी कथा म्हणजे कालकाचार्यांची. डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांचा तिच्यावरील ग्रंथ वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनातर्फे १९३३ साली निघाला. उज्जयिनीच्या गर्दभिल्ल राजाने साध्वी सरस्वतीचे हरण केले. तिच्या मुक्ततेसाठी बंधू कालकाचार्यांनी शक शाहींना पाचारण केले. परदेशी पोशाखातील हे शाही चित्रकारांनी मोठ्या हौसेने रंगविले आहेत.

पण आपल्याला जवळचा आहे तो कथेचा पुढील भाग. आचार्य प्रतिष्ठान नगरीत आले असता सातवाहन राजाने विनंती केली, की भाद्रपद शुद्ध पंचमीस इंद्रोत्सव असतो, म्हणून पर्युषणाचा दिवस बदलावा. पंचमी उलटू देता येत नव्हती. आचार्यांनी चतुर्थी मान्य केली. हे प्रतिष्ठान म्हणजे पैठण, आपल्या शेवगाव तालुक्यापासून गोदावरीपलीकडे! स्थानकवासी समाज आजही पंचमीस संवत्सरी करतो आणि मूर्तिपूजक बंधू चतुर्थीस. या भेदाचे मूळ परंपरा त्या भेटीत पाहते.

परदेशी दालनांत ही कथा बहुधा सुट्या पानांच्या रूपाने भेटते. जैन पोथी शिवलेली नसते. पाने एकावर एक ठेवून फळ्यांमध्ये वेष्टनात बांधलेली असतात. त्यामुळे व्यापाऱ्यांना ती फोडणे सोपे गेले. चित्र असलेले पान विकले गेले, निव्वळ अक्षरांचे मागे राहिले. संग्रहालयांनी ही पाने मंद प्रकाशात, काळजीपूर्वक जपली, याबद्दल कृतज्ञ असावे. तरीही काचेआडचे एकच पान वाचून कथा पुरी होत नाही.

मूर्तिपूजा न मानणाऱ्या स्थानकवासी परंपरेला चित्रकलेचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पूज्य तिलोकऋषीजी महाराजांनी अक्षरांनीच चित्र साकारले. त्यांचे ‘ज्ञानकुंजर’ हे चित्रकाव्य प्रसिद्ध आहे. संपूर्ण दशवैकालिक सूत्र त्यांनी एका पानावर लिहिले. विक्रम संवत १९४० मध्ये त्यांचा देहान्त अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथेच झाला. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या नावात ‘तिलोक रत्न’ आहे, त्यातील तिलोक तेच.

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी विनवीत, की तेल, पाणी आणि सैल बंधन यांपासून हिला राखा. ज्या घरांत अशा पोथ्या असतील, त्यांनी वेष्टन सोडताना प्रथम पाने मोजावीत, संख्या कागदावर लिहून आत ठेवावी आणि शेवटचे पान विशेष जपावे. लेखनिकाचे नाव, गाव आणि संवत् बहुधा तेथेच असते.